रानबोरीची फांदी

खाणीत उतरायच्या दिवशी मी कॉफी पीत नाही. तीन किलोमीटर खाली बायकांची सोय नाही, हे त्याचं साधं कारण. माझं कामही तसं साधंच आहे. सोन्याच्या खाणीत खडकाला भोक पाडलं की कधीकधी पाणी लागतं. ते हवा न लागू देता बाटल्यांत भरायचं, वर आणायचं आणि त्यात कोणी जिवंत आहे का ते पाहायचं. कोट्यवधी वर्षांत ऊन न पाहिलेलं पाणी ते, तरी थेंबात दहा-बारा जीव सापडतात. इतके सावकाश जगतात की एकाचे दोन व्हायला शतकं लागत असावीत. मंगळावर कोणी असलंच तर असंच असेल, म्हणून आमच्या कामाला परदेशातून पैसा येतो. माझी आई मात्र शेजाऱ्यांना सांगते, आमची झुकिस्वा बाटल्या धुते.

एकोणीस नंबरच्या बोगद्यात भोकं पाडायचं काम लुबाबालो करायचा. "काय बहिणाबाई, उकाड्याने मेले वाटतं तुमचे जंतू," असं मला चिडवायचा आणि प्यायच्या गार पाण्याची पहिली बाटली माझ्याकडे सरकवायचा. चार वर्षांपूर्वी तिथेच छत कोसळून तो गेला. प्रेत वर आणलं, गावी नेऊन पुरलं. पण आम्हा खोसा जमातीच्या लोकांत तेवढ्याने माणूस घरी येत नाही. तो जिथे गेला तिथे घरच्या कोणीतरी रानबोरीची फांदी घेऊन जायचं, नावाने आणि कुळाने त्याला हाक मारायची, फांदीवर बसवून आणायचं. वाटेत दुसऱ्या कोणाशी बोलायचं नाही.

बोगदा तेव्हापासून बंद होता. यंदा फेब्रुवारीत तो आमच्या पाण्यापुरता तीन दिवस उघडणार होता आणि मग काँक्रीट भरून कायमचा बुजवायचा होता. हे कळल्यावर लुबाबालोची आई, मा-राडेबे, त्र्याहत्तर वर्षांची बाई, बारा तासांचा प्रवास करून खाणीच्या फाटकाशी येऊन बसली.

"खाली खडक इतका तापलेला असतो की हात लावता येत नाही," मी तिला सांगितलं. "डॉक्टर तुम्हाला उतरू देणार नाही."

"मी कुठे म्हणतेय मला उतरवा? तू जा."

"मी घरची नाही, मा-राडेबे."

"घरात पुरुष उरलेत कुठे? तुला बहीण म्हणायचा ना तो? मग झालं." तिने पिशवीतून काटेरी फांदी काढून माझ्या मांडीवर ठेवली. "चार वर्षं स्वप्नात येतो आणि पाठ करून बसतो. मरायच्या आधी मला त्याचं तोंड बघायचंय, एवढंच."

मी शास्त्र शिकलेली बाई. पण नाही म्हणायला जीभ रेटली नाही.

फांदीचं एक पान जरी पाण्यात पडलं असतं तरी वर्षाची मेहनत वाया गेली असती. म्हणून ती दोन पिशव्यांत घालून, तोंड बांधून मी खाली नेली. पंधरा बाटल्या भरायच्या होत्या. सात भरून झाल्यावर, छत जिथे पडलं होतं त्या भिंतीशी मी फांदी घेऊन उकिडवी बसले.

तिथे मोठ्याने म्हणायचं होतं, 'लुबाबालो, भेले कुळाच्या लेका, ऊठ, तुझ्या आईच्या घरी चल.' माझ्या मागे विद्यापीठातले दोन सहकारी उभे होते. त्यातला एक घड्याळ बघत होता. मला लाज वाटली. खरंच सांगते, लाज वाटली. मी ओठांतल्या ओठांत नुसतं म्हटलं, "चल, घरी जाऊ."

भोकाला लावलेल्या नळीतून येणारं पाणी थांबलं.

चार-पाच सेकंदांनी पुन्हा सुरू झालं. खडकातला दाब असा कमीजास्त होतो. मी वहीत वेळ लिहिली आणि उरलेल्या आठ बाटल्या भरल्या.

मा-राडेबे तयारीसाठी आधीच गावी परतली होती. दुसऱ्या दिवशी पहाटेच मी गावाकडे जाणाऱ्या टॅक्सीत दोन जागा घेतल्या, एक माझी आणि एक फांदीची. फांदी पाहून ड्रायव्हरने टोपी काढली आणि गाणी बंद केली. फांदीला खेटून बसलेली एक जाडजूड बाई दोन तास गप्प होती. मग खिडकी उघडून ती म्हणाली, "तुझ्या माणसाच्या अंगात ताप आहे गं, पोरी. पाणी पाज त्याला."

मला बोलायची बंदी होती. माझ्या पिशवीत तापमापक असतो, तो मी फांदीला लावला. अठ्ठावन्न अंश. बोगद्यातल्या खडकाचं तापमानही तेवढंच होतं. दुपारी कोकस्टाडला गाडी थांबली तेव्हा बाहेर धुकं होतं, लोक ब्लँकेटं पांघरून मक्याची कणसं खात होते. मी पुन्हा मोजलं. अठ्ठावन्न.

ऊन असताना पोचलो. मा-राडेबेने बकरा कापवला, फांदी लुबाबालोच्या गोल झोपडीत चटईवर ठेवली आणि तिच्याशेजारी बसून पोटभर रडली. मला फार बरं वाटलं. माझ्या शिक्षणाचा कोणाला असा उपयोग आजवर झाला नव्हता.

प्रयोगशाळेत परतल्यावर बाटल्या तपासल्या. पहिल्या सातांत नेहमीसारखे जीव होते. आठवीपासून पंधराव्यापर्यंत एकही नव्हता. मेलेलेही नव्हते. मी तीनदा तपासलं, मग दुसऱ्याकडून तपासून घेतलं. अहवालात काय लिहावं ते सुचेना, म्हणून त्या आठ बाटल्या मी वगळल्या. मार्चमध्ये बोगदा बुजवला.

नोव्हेंबरात मी मा-राडेबेला भेटायला गेले. ती वाळली होती, पण चेहरा टवटवीत होता. आमच्याकडे नोव्हेंबर म्हणजे उन्हाळा, तरी लुबाबालोच्या झोपडीत चूल पेटलेली होती.

"गारठतो तो," ती म्हणाली.

"लुबाबालो?"

माझा हात धरून तिने तळवा मातीच्या भिंतीवर टेकवला. भिंत थरथरत होती. अगदी बारीक, एकसारखी. कान लावला तर आवाजही होता, मिटल्या ओठांनी कोणी गुणगुणावं तसा. गावात सकाळपासून वीज नव्हती. जवळपास रस्ता नव्हता, पंप नव्हता.

"जूनपासून चाललंय," ती म्हणाली. "मला 'मा' म्हणतोय. अजून म वरच आहे. ओठ उघडायचेत."

"पाच महिने?"

"सावकाश आहे जरा." तिने चहाचा कप माझ्या हातात दिला. "पोरी, खाली तू त्याला नावाने हाक मारलीस ना? खरं सांग."

मी मान खाली घातली. सगळं सांगितलं. मागे उभे असलेले दोघे, ते घड्याळ, मला वाटलेली लाज. मला रडू आलं, आणि तिनेच माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"मला वाटलंच होतं. लुबाबालो मला मा म्हणायचाच नाही. आजीला मा म्हणायचा आणि मला ताई. सगळ्यांचं ऐकून ऐकून तीच सवय लागली त्याला."

"मग हा कोण आहे?"

"काय माहीत? तू घरी चल म्हणालीस. ज्याला आजवर कोणी तसं म्हटलं नव्हतं, तो निघाला असेल." ती चुलीत लाकूड सारत राहिली. "आधी भीती वाटली. मग म्हटलं, इतका उशिरा कोणाला तरी आई म्हणतोय. त्याला हाकलू कशी?"

मी तिला बाटल्यांचं सांगितलं. त्या पाण्यात आता कोणीच उरलं नाही, हेही सांगितलं. मला वाटलं, तिला तेवढाच उलगडा होईल.

तिने स्वतःसाठीही कपात चहा ओतला.

"म्हणजे खाली माझा लेक आता अगदी एकटा," ती म्हणाली.

बोगद्यात वीस मीटर काँक्रीट होतं.

"जाऊ दे," ती शेवटी म्हणाली. "एक काम करशील? हा हाक पुरी करेपर्यंत मी असेन-नसेन. मी नसले तर तू ये आणि ओ दे त्याला. बिचाऱ्याने हाक मारावी आणि कोणी बोलू नये, असं नको."

"देईन," मी म्हटलं. भिंतीवर तळवा टेकून, मोठ्याने म्हटलं.

तळव्याखालची थरथर थांबली, आणि मिटल्या ओठांची ती गुणगुणही.

मा-राडेबेने कप खाली ठेवला. डोक्यावरचा रुमाल सारखा केला, चटईकडे तोंड करून ताठ बसली, आणि मला गप्प राहायची खूण केली.