कॉर्डरॉयची बाही

धाकट्याच्या नाकावर कायम राग असायचा, आणि तो राग त्याने कामाला लावून दिला होता. दिवसा तो एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवायचा. लोकांच्या जबड्यांचे ठसे, त्यांत ओतलेलं प्लास्टर, त्यावर बसवलेले दात, सगळं घासूनपुसून चकचकीत. सुट्टीच्या दिवशी तेच हात बेस गिटारींना लागायचे. बेस म्हणजे ती चार जाड तारांची, जिचा आवाज कानाआधी पोटात पोचतो. कुणाच्या तरी माळ्यावर धूळ खात पडलेला, पोपडे उडालेला बेस तो घासाघीस करून विकत घ्यायचा, त्याचा रंग खरवडून लाकूड उघडं करायचा, आणि लॅकरचे, म्हणजे चकाकणाऱ्या पारदर्शक रंगाचे, बारा-पंधरा थर फवारून असा उजळायचा की त्यात बघून दाढी करावी. घरामागच्या खोलीत असे सहा बेस भिंतीला टांगलेले होते. खाली आवाज मोठा करणारे दोन अँप होते, एक डब्याएवढा आणि एक कपाटाएवढा. बायको त्या खोलीला गमतीने सासर म्हणायची, कारण तिथे गेलं की मान खाली घालून गप्प बसावं लागायचं.

पन्नाशी जवळ आली तरी सगळे त्याला धाकटाच म्हणत. थोरला दोन वर्षांपूर्वी गेला, तरी याचं धाकटेपण काही सुटलं नाही.

दादा बेस वाजवायचा, आणि झकास वाजवायचा, हे धाकटाही नाकारत नसे. शाळेत असताना दादानेच त्याला शिकवायला घेतलं. शिकवायचं म्हणजे काय, तर मागे उभं राहून आपला आख्खा हात, कोपरापासून मनगटापर्यंत, धाकट्याच्या हातावर टाकायचा आणि त्या वजनाखाली त्याच्या बोटांकडून वाजवून घ्यायचं. "दादा, हात काढ," असं धाकटा म्हणायचा. "काढला की चुकशील," दादा म्हणायचा. आणि काढला की तो चुकायचाच.

पुढे दादाचा बँड जमला, तेव्हा धाकट्याने एकदा धीर करून विचारलं, मी पण येऊ का. दादा पाच जणांच्या देखत हसला. "याच्या हातात तालच नाही रे. उगाच कशाला आशेला लावायचं?" ते पाचही जण हसले. या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. त्यानंतर धाकट्याने कुणासमोर एक तार छेडली नाही, आणि दादाशी कामापुरतंच बोलला. दादा गेला त्या दिवशीही त्याला आधी राग आला. आता हिशेब चुकता करायला समोर कुणी उरलंच नव्हतं.

दादाचा बेस वहिनीने त्याच्याकडे ठेवायला दिला. "पोरीला अठरा पूर्ण झाली की तिला द्यायचा. तुमच्याइतकं कुणाला त्यातलं कळत नाही, भावजी. फक्त आहे तसाच राहू द्या." धाकट्याने बरं म्हटलं आणि पेटी माळ्यावर टाकली.

पुतणी अठरा वर्षांची व्हायला तीन महिने उरले, तेव्हा त्याने पेटी उघडली. आत बेस एका शर्टात गुंडाळलेला होता. दादाचा जाड रेघांचा कॉर्डरॉयचा शर्ट, जो तो वाजवताना उन्हाळ्यातही घालायचा. उजव्या मनगटाचं मूळ बटण कधीचं हरवलं होतं, तिथे वहिनीने कोटाचं मोठं, दोन भोकांचं बटण शिवलं होतं. बेसच्या वरच्या कडेला, जिथे वाजवणाऱ्याचा हात टेकतो, तिथला तपकिरी रंग घासून पार गेला होता. हातभर लांब, पिवळट उघडं लाकूड. तीस वर्षं एकच बाही तिथे घासली होती.

धाकट्याने तो मोठ्या अँपला जोडला आणि वाजवून पाहिला. चौथ्या ठोक्याला चुकला. पुन्हा वाजवला, पुन्हा तिथेच चुकला. उघड्या लाकडावर त्याचा हात नीट बसेना, दादाच्या हाताची जागा त्याच्या हाताला मोठी होत होती. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याने संध्याकाळपर्यंत बेस सोडवून मान वेगळी केली आणि धडावरचा सगळा रंग गरम हवेने फुलवून पत्र्याने खरवडून काढला. शर्ट कात्रीने कापून त्याची पुसायची फडकी केली. बाह्यांची मनगटं मात्र आधी छाटून कचऱ्यात टाकली, कारण बटणाने लाकडावर ओरखडे येतात. मग तोच तपकिरी रंग, तीच कडेची काळसर छटा, वर लॅकरचे चौदा थर. अगदी दुकानातून आल्यासारखा, कोरा करकरीत. फक्त दादा त्यातून गेला होता. आपण नीच काम केलं हे धाकट्याला कळत होतं. आणि बरंही वाटत होतं, अगदी मनापासून.

लॅकर वरून वाळलं तरी आतून महिनाभर मऊ असतं. तोवर कापड जरी टेकलं तरी त्याची वीण रंगात उमटते. म्हणून त्याने धड तारेने छताच्या आकड्याला टांगलं, खाली कुणी फिरकू नये म्हणून खोलीला कुलूप लावलं आणि तीन आठवडे दाराकडे बघितलंही नाही.

दार उघडलं तर वरच्या कडेला रेघा उमटलेल्या होत्या, अगदी समांतर.

"खोलीत कोण गेलं होतं?" त्याने बायकोला विचारलं.

"किल्ली तुमच्या खिशात असते," ती भाजी निवडता निवडता म्हणाली.

"म्हणून विचारतोय."

"मग खिशाला विचारा."

तो तणतणत परत गेला. विचार केल्यावर त्याला वाटलं, टांगताना शर्टाच्या त्या फडक्यानेच धरलं असेल, तेव्हा वीण उमटली असेल. चूक आपलीच. त्याने उरलेली सगळी फडकी बांधून बाहेरच्या कचरागाडीत स्वतःच्या हाताने टाकली, कडेचा भाग घासून पुन्हा सहा थर मारले आणि पुन्हा टांगलं.

त्याच आठवड्यात पुतणीचा फोन आला. "काका, ती घासलेली जागा आहे ना तशीच?"

"कुठली?"

"असं काय करता? हाताची. मी लहान असताना बाबा वाजवायला बसले की मी तिथे गाल टेकायची. तिथे रंग नाही ना, म्हणून आवाज थेट हाडात यायचा. बाबांचा बोलण्याचा आवाज पुसट व्हायला लागलाय आता. तो मात्र आठवतो."

"आहे की," धाकटा म्हणाला. "कुठे जातेय."

फोन ठेवल्यावर त्याने भिंतीवर मूठ आपटली. राग दादावर होता, वहिनीवर होता, आणि या पोरीवर तर फारच, कारण तिचं काहीच चुकलं नव्हतं. ती येईल, कोरा करकरीत बेस बघेल, आणि काही बोलणार नाही. वहिनीवर गेली होती ती. न बोलता बघत राहील. त्याच्या जन्मभराच्या कारागिरीवर ती नजर कायमची बसणार होती. जागा खोटी घासून तयार करावी, असंही त्याच्या मनात आलं. पण तीस वर्षांची झीज एका दुपारी कशी करायची, हे त्यालाही येत नव्हतं.

दहा दिवसांनी त्याने कुलूप काढलं. रेघा परत आल्या होत्या. या वेळी खोल. रेघांच्या मधून एक शिवण गेली होती, आणि टोकाला, मनगटाच्या जागी, एक गोल खळगा होता.

धाकटा खुर्चीवर बसला. मग उठला आणि त्याला जे येत होतं ते त्याने केलं. ठसा तर तयारच होता; दवाखान्यातून प्लास्टर आणलं, रेघांवर आणि खळग्यावर ओतलं आणि घट्ट झाल्यावर अलगद सोडवलं. दुसऱ्या दिवशी कामाच्या टेबलावर त्याच्या हातात हाताच्या आकाराचा पांढरा तुकडा होता. त्यावर कॉर्डरॉयच्या रेघा होत्या. मनगटाशी एक मोठं गोल बटण होतं. बटणाला दोन भोकं होती.

शेजारी बसून कवळीचे दात घासणाऱ्या सहकाऱ्याने डोकावलं. "हे कुणाचं माप?"

"भावाचं."

"त्यांना दात नाहीत वाटतं," तो हसत म्हणाला. धाकट्याने असं बघितलं की तो पुन्हा आपल्या यंत्राकडे वळला.

घरी आल्यावर त्याने खोलीचं दार आतून लावून घेतलं. "सगळं तुझंच," तो टांगलेल्या धडाला म्हणाला. "बँड तुझा, ताल तुझा, पोरगी तुझी. मला एक कड द्यायला काय झालं रे तुला?" त्याने मशीन चालू केलं आणि ती कड लाकडापर्यंत घासली. रंगवली. थर मारले. या वेळी खोलीत दिवा चालू ठेवला, खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली, आणि दाराबाहेर जमिनीवर प्लास्टरची पूड भुरभुरवली.

पुतणी यायची त्या सकाळी पुडीवर एकही पाऊल नव्हतं. दिवा चालू होता.

वरच्या कडेचा रंग गेला होता. हातभर लांब, पिवळट उघडं लाकूड. त्याने बोट फिरवलं. घासल्याचा चुरा नाही, ओरखडा नाही. तीस वर्षं घासल्यावर होतं तसं ते गुळगुळीत होतं.

त्याने मान जोडली, तारा चढवल्या.

पुतणी आली ती थेट खोलीत. तिने बेस मांडीवर घेतला, उघड्या लाकडावर गाल टेकला आणि अंगठ्याने सगळ्यात जाड तार छेडली. अँपही जोडलेला नव्हता. ती डोळे मिटून ऐकत राहिली. तार थांबल्यावरही तिने गाल उचलला नाही.

"अगदी तसंच," ती म्हणाली. डोळे पुसून हसली. "मला भीती वाटत होती काका. वाटलं, तुम्ही चकाचक करून टाकाल. तुमचा काय भरवसा." मग तिने नाक जवळ नेलं. "नव्या रंगाचा वास येतोय पण."

"खोलीचाच वास आहे तो," धाकटा म्हणाला.

"आणि इथे गरम का लागतंय?"

त्याने बेस पेटीत ठेवून कड्या लावल्या. ती पेटी उचलून गेली. बायको तिला सोडायला कोपऱ्यापर्यंत गेली.

दुपार होती. खोली तापली होती. धाकट्याने शर्ट काढून खुंटीला लावला आणि नुसत्या बिनबाह्यांच्या बनियनवर, किती तरी दिवसांनी, मोकळा श्वास घेतला. गेला एकदाचा. त्याने भिंतीवरून स्वतःचा बेस काढला, आठ वर्षांपूर्वी उजळलेला, आरशासारखा, दगडासारखा कडक झालेल्या लॅकरचा. मोठा अँप चालू केला. वाजवायला लागला.

चौथा ठोका बरोबर पडला.

पुढचाही. त्याच्या पुढचाही. पाय आपोआप ठेका धरत होता, जमीन गुरगुरत होती, आणि धाकटा अर्धा तास एकदाही चुकला नाही. राग कुठल्या कुठे गेला. कुठे आहेत ते पाच जण, त्याला वाटलं, आता बोलवा त्यांना. तो चक्क एकटाच हसला.

कपाळावरचा घाम पुसायला त्याने उजवा हात उचलला. हात जड झाला होता. उचलायला वेळ लागला.

बेसच्या कडेवर काही नव्हतं. लॅकर जसंच्या तसं होतं.

रेघा त्याच्या हातावर होत्या. उशीचे गालावर उठतात तसे लाल वळ, समांतर, कोपरापासून मनगटापर्यंत. लाकडाला टेकलेल्या बाजूला नाही. वरच्या बाजूला. मनगटाशी एक गोल होता, आणि गोलात दोन ठिपके.

धाकट्याने त्या ठिपक्यांवर अंगठा फिरवला.

"हात काढ, दादा," तो म्हणाला.

हात हलका झाला.

त्याने वाजवलं. चौथ्या ठोक्याला चुकला.

दात-ओठ खात त्याने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच चुकला.

तिसऱ्यांदा त्याने हात लाकडावर ठेवला. तारेला बोट लागायच्या आधीच तो कोपरापासून मनगटापर्यंत हळूहळू जड होत गेला. या वेळी धाकटा काही बोलला नाही.

चुकलाही नाही.