ज्याला हवं त्याने घ्यावं

तळोद्याहून सुटलेल्या जीपमध्ये मला माझाच आवाज ऐकू आला. पावरीत, आमच्या पाड्यावरच्या बोलीत, ठणठणीत— बाळाचं वजन कमी आहे, आठ दिवसांनी परत आणा. शेजारच्या मुलाच्या लॅपटॉपमधून.

“हाऊ मन्हा आवाज शे,” मी म्हटलं.

तो वळला... आणि बघतच राहिला. “तुम्ही सीमा पावरा? तीन महिना व्हयनात, रोज ऐकी ऱ्हायनू तुम्हले.”

माझे कान तापले. नाव महावीर, तळोद्याच्या कापड दुकानदाराचा मुलगा, असं त्याने सांगितलं. अंगणवाड्यांसाठी आमच्या शाळेतल्या सरांनी माझ्या आवाजात एक ॲप केलं होतं आणि ‘कुणाचाही हक्क नाही, ज्याला हवं त्याने घ्यावं’ असं लिहून सोडून दिलं होतं. जुन्या फोनवर ते बंद पडायचं. ते याने दुरुस्त केलं होतं. मी विरघळलेच होते... तेवढ्यात स्क्रीनवर दिसलं— ‘नक्कल करण्यास मनाई.’

“हाई काय शे?”

“दुरुस्ती मन्ही, परवाना मन्हा. कायदामा बसस.” त्याने मान खाली घातली. “सुरतनी एक कंपनी इकत ली ऱ्हायनी. घाटमा नेटवर्क जास, तेना पह्यले होकार धाडना शे. पप्पा वाट दखी ऱ्हायनात.”

मला संताप आला. त्याहून वाईट वाटलं, कारण तो मला आवडला होता.

“धाडा. सरनं जुनं ॲप मी वाटत ऱ्हासू, ते कोनी अडावू शकत नई. पन डोंगरमा हाई एक बाईना फोनवरथीन दुसरीना फोनवर जास. तुम्हनं कुलूप लागनं, का चालस ते नवं भेटाव नई आनि भेटस ते जुनं चालाव नई.”

समोर बसलेल्या रूपलीबाईने, आमच्या पाड्यावरच्या अंगणवाडी सेविकेने, आपला तडा गेलेला फोन पुढे केला. “माले बी दी द्या ना, भाऊ.”

नेटवर्कच्या दोन काड्या उरल्या होत्या. मग एक. महावीरचं बोट ‘पाठवा’वर टेकलेलं. जीप वळली. काडी गेली. त्याने दाबलं नव्हतं.

मनाईची ओळ पुसून त्याने सरांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, आणि केबल रूपलीबाईच्या फोनला लावली.

“आते पप्पा?” मी विचारलं.

“बोलतीन. ऐकी लिसू.” तो थोडा घुटमळला. “एक गोट सांगनी शे... एक रेकॉर्डिंगमा तुम्ही चुकनात, मंग खूप हासनात. ते हासनं ॲपमा नई. मी कापीसन मन्हाकडे ठी लिधं. रोज तेच ऐकस मी... ते बी समदासले वाटी टाकू का?”



“नई,” मी म्हटलं. “ते कोनले देऊ नका.”