डाव्या खांद्याशी

वैराग गावातलं लग्न वाजवून अप्पा तसेच सभागृहात आले. अंगात बँडमास्तरचा लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, हातात कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा. लेक किती वर्षांनी सोलापुरात वाजवणार. तालमीच्या दिवशी तिच्या पोटात घरचे दोन घास जावेत, एवढंच त्यांच्या मनात.

मंचावर दानेश्वरीचं व्हायोलिन थांबलं. मुंबईचा मोठा वाद्यवृंद, संचालक कुमारसर आणि त्यांनी घडवलेली एकल वादक म्हणून ती. हा कार्यक्रम जमला की दोघांना परदेश दौरा मिळणार होता. सरांनी वळून पाहिलं आणि हे कोण, असं विचारलं.

"बँडवाले आहेत," ती म्हणाली. "ओळखीचे."

याच माणसानं तिच्या हातात पहिलं व्हायोलिन दिलं होतं. वरातीपुढे रस्त्याला पाठ करून, उलटं चालत, हाताच्या इशाऱ्यावर तिला वाजवायला शिकवलं होतं.

अप्पांचा चेहरा हलला नाही. "व्हय साहेब, वळखीचा हाय की. सात रस्ता चौकातले पोलीसबी वळखतात मला. वरातीपायी लई वैतागलेत."

सर हसले. अप्पांनी डबा मंचाच्या कडेला ठेवला. "येतो, मॅडम," तिला म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

कार्यक्रम काही दिवस पुढे ढकलला गेला. तालमी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा सरांनी हळुवारपणे विचारलं, वडील काय करायचे? व्यापार, असं तिनं सांगितलं.

त्याच तालमीत बासरीवाली सोनम सरांच्या हाताकडे न बघता मागच्या दाराकडे बघून वाजवत होती. मग चेलोवालेही तिकडेच बघू लागले. पुढच्या तालमीला सगळ्यांच्या नजरा खुर्च्यांमधल्या वाटेवर आल्या होत्या. चुकत कुणीच नव्हतं. उलट वाद्यवृंद इतका एकजीव तिनं कधी ऐकला नव्हता. कुठं बघतेस, असं तिनं सोनमला विचारलं.

"त्यांच्याकडे," सोनम म्हणाली. "सरांच्या आधी त्यांचा हात येतो. तुला दिसत नाहीत?"

तिनं वळून पाहिलं. खुर्च्या रिकाम्या होत्या.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. नजरा आता सरांच्या अगदी शेजारी होत्या. वाजवणं ऐन रंगात आलं आणि सरांचे हात हळूहळू खाली आले. संगीत थांबलं नाही. सर बाजूला सरकले आणि शाळकरी मुलासारखे हात बांधून त्याच जागेकडे बघत राहिले.

मग तिच्या प्रवेशाची जागा आली. वाद्यवृंदानं तिच्यासाठी सूर धरला. तिनं गज तारांवर टेकवला.

इशारा सगळ्यांना दिसत होता. तिलाच नाही.

सूर तसाच राहिला. सोनमचा श्वास एव्हाना संपायला हवा होता. संपला नाही.

नजरा हलल्या. सरांच्या शेजारून निघाल्या, कुणी सावकाश चालत यावं तशा तिच्याकडे आल्या आणि तिच्या डाव्या खांद्याशी थांबल्या.

तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. पहिल्या रांगेतली माणसं मान किंचित उंचावून, हसून, त्या जागेला नमस्कार करत होती.

तिनं व्हायोलिन खाली घेतलं. शेजारी बघायचं तिचं धाडस झालं नाही.

"हे माझे वडील आहेत," ती मोठ्यानं म्हणाली. "बँडमास्तर रेवणप्पा."