राखणदार एकदाच ओरडतो

वीज यायला अजून अवकाश आहे, तोवर बसा. दिवा माझ्याकडे सरकवलात तरी चालेल, तुमच्या डोळ्यांवर येतोय. चहा करतो. कर्कदे मात्र मागू नका. लाल अंबाडीच्या फुलांचं ते सरबत आमच्या इस्कंदरिया शहरात घरोघर असतं, माझ्याही घरी असायचं. आता नुसता वास आला तरी घशाशी येतं. का, ते सांगतो. हळू बोलतो, आत माझी बायको सनिय्या झोपलीय.

त्या शुक्रवारी मी कर्कदेच करायला निघालो होतो. मन्शिया चौकामागच्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, मी चहा करतो आणि केर काढतो. मला वाचता येत नाही. तिथली पोरं यंत्रांचा गाभा लिहितात, म्हणजे यंत्रानं कधी काय करायचं हे ज्याच्या हुकमानं चालतं ते. त्यांचं मुख्य काम रक्त धुणाऱ्या यंत्रांचं. यंत्र तपासताना नळ्यांतून काहीतरी लाल फिरवावं लागतं, कुठे अडलं ते दिसायला हवं ना. रंग विकत आणण्यापेक्षा माझं कर्कदे बरं पडायचं. बिनसाखरेचं, फडक्यातून दोनदा गाळलेलं.

सुट्टीचा वार, पण शाहिनाझचा फोन आला. ती तिथली मोठी. मला मुलीसारखी, अम्म म्हणजे काका म्हणते. "अम्म बयूमी, मोठं पातेलंभर लागेल. जमेल तेवढ्या लवकर या."

बाहेर खमासीन सुटला होता. वाळवंटाचा तो वारा आला की भर दुपारी उजेड आधी हळदीच्या पाण्यासारखा होतो आणि मग तपकिरी. समोरची दुकानं दिसत नव्हती. दातांत वाळू करकरत होती. नमाज उरकून लोक घरी गेले होते, जिन्यात कुत्रंसुद्धा नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर पोचलो आणि दार उघडण्याआधीच वास आला. उकडलेल्या वजडीचा. वर सिरका आणि लसूण घातल्यासारखा.

आत शाहिनाझ आणि वगदी, दोघंच. वगदी म्हणजे मनगटावर निळा क्रूस गोंदलेला, उंच, सतत कुणाची ना कुणाची खोडी काढणारा. मागच्या खोलीत कर्मूस भागातल्या धर्मादाय दवाखान्यातून परत आलेलं यंत्र उभं होतं. धुऊन पाठवायचा नेम आहे. पुढून पुसलं होतं, पण पंपाच्या खाचेत तपकिरी खरवड तशीच होती, नखानं निघेल अशी. त्यावर माश्या बसल्या होत्या. खिडक्या बंद होत्या, तरी माश्या होत्या.

"वजडी कुणी आणली?" मी विचारलं.

"मी नाही बुवा," वगदी म्हणाला. "माझे उपास चालू आहेत. शाहिनाझनं खाल्ली असेल लपून."

शाहिनाझ हसली नाही.

सनिय्या त्याच दवाखान्यात जायची. तिथली सगळी यंत्रं याच गाभ्यावर चालतात, आणि नवं व्हर्जन आल्यापासून ती मधेच अडायला लागली होती. पंप थांबतो, रक्त नळीत उभं राहतं. म्हणून डॉक्टरांनी सगळी बंद करून ठेवलेली. रक्त धुण्याचा तिचा एक वार बुडाला होता. पाय कणकेसारखे सुजले होते, आडवं झालं की श्वास पुरत नव्हता, भिंतीला टेकून बसून राहायची. डॉक्टर म्हणाले होते, शनिवार काही झालं तरी चुकवू नका. शनिवार म्हणजे उद्या. संध्याकाळी दवाखान्याचा माणूस दुरुस्त केलेला गाभा न्यायला येणार होता. म्हणून मी पातेलं ढवळत होतो, पण माझं सगळं लक्ष त्या खोलीत होतं.

"नेमकं काय बिघडलंय रे?" मी वगदीला विचारलं.

"अम्म, तुमच्या स्वयंपाकघरात शेगडी एक, किटली एक. मी शेगडी अडवून बसलो, म्हणालो किटली मिळाल्याशिवाय उठणार नाही. तुम्ही किटली धरून बसलात, म्हणालात शेगडी मिळाल्याशिवाय सोडणार नाही. काय होईल?"

"तुझ्या डोक्यात किटली घालीन."

"यंत्राला तेवढी अक्कल नाही ना! ते कयामतीपर्यंत थांबतं. म्हणून आत आम्ही एक राखणदार ठेवलाय. गाभ्यात कामं वाटून घेणारे कामकरी असतात; त्यातल्या कुणी काय अडवलंय, कोण कुणासाठी खोळंबलंय, यावर त्याची नजर. घोळ दिसला की तो ओरडतो."

"आणि अडवून ठेवलेलं तसंच हातात धरून एखादा मेला तर?"

वगदीनं माझ्याकडे पाहिलं. "मग तर सगळ्यात मोठ्यानं ओरडायला हवा. मेलेल्याची मूठ कोण उघडणार? मागचे सगळे उभेच राहणार. पण अम्म, यंत्र अडतंय आणि राखणदार गप्प आहे. जुन्या व्हर्जनात ओरडायचा. मधे कुठेतरी आपणच त्याचं तोंड बांधलंय. कुठे, ते सापडत नाही."

कर्कदे ओतलं. पंप फिरायला लागला, नळीतून लाल पाणी सरसर धावलं. थोड्या वेळानं पंप थांबला. स्क्रीनवर राखणदाराचं एक अक्षर नाही. मी नळी सोडवायला गेलो तर आतलं कर्कदे घट्ट झालं होतं. पाण्यासारखं गाळलेलं कर्कदे! बादलीत उपडं केलं, तर कलेजीच्या तुकड्यासारखं लिबलिबीत काहीतरी पडलं आणि त्याच्या मागे लांब तार आली. बोटाला लागलं ते साबणानंही निघेना.

"साखर जास्त झाली वाटतं," वगदी म्हणाला, पण बारीक आवाजात.

"साखर घातलीच नाही, बाळा."

तसंच दुपारभर चाललं. त्यांची रीत अशी की चांगल्या आणि बिघडलेल्या व्हर्जनांच्या बरोबर मधलं घ्यायचं, चालवून बघायचं, मग उरलेल्याच्या मधलं. प्रत्येक वेळी मी ताजं पातेलं द्यायचो, प्रत्येक वेळी बादलीत गोळा पडायचा. शेवटी बादलीवर साय धरली. ती वाऱ्याशिवाय हलायची. मी झाकण ठेवलं आणि त्यावर वीट ठेवली.

मला मेतवल्ली आठवत होता. तुम्हाला माहीत नसेल, कर्मूसच्या नाक्यावर वजडी विकायचा. एवढं मोठं धूड, हसला की खुर्ची हलायची. दवाखान्यात सनिय्याच्या शेजारी बसायचा. यंत्रावर बसलं की माणसाला थंडी वाजते, म्हणून तो परत येणाऱ्या रक्ताची ऊबदार नळी मुठीत धरून ठेवायचा. नर्स अतिय्यात ओरडायची, "मेतवल्ली, नळी सोड, ती काय तुझी बायको आहे?" तो म्हणायचा, "बायको इतकी गरम कुठे असते!" पंप पहिल्यांदा अडला तो त्याच्या यंत्राचा. अतिय्यातनं हातानं पंप फिरवायला घेतला, पण रक्त गोठलं होतं. तो गेला तेव्हा नळी मुठीतच होती. अतिय्यातला एकेक बोट सोडवावं लागलं. मी शेजारी उभा होतो.

समोर होतं ते त्याचंच यंत्र. हे त्या दोघांनाही ठाऊक होतं.

बाहेरचा उजेड तपकिरीचा काळा व्हायला लागला तेव्हा शाहिनाझ एकदम म्हणाली, "वगदी... सुरू होताना ती एक तक्रार येते ना? स्क्रीनच्या दिव्याची?"

"ती नेहमीचीच. निरुपद्रवी आहे. सगळ्यांनी ठरवलंय ना, तिच्याकडे बघायचं नाही."

"कधीपासून येते?"

"नवं व्हर्जन आल्या..." वगदी तिथेच थांबला.

मला कळेना. शाहिनाझनं माझ्याकडे वळून सांगितलं, जणू मलाच हिशेब द्यायचा होता. "अम्म, राखणदार एकदाच ओरडतो. त्याची घडणच तशी आहे. एकदा ओरडला की यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत झोपतो. यंत्र सुरू होतानाच दिव्याच्या फालतू गोष्टीवरून ओरडायचा आणि झोपायचा. नंतर आत काहीही झालं तरी... आणि आम्ही म्हणायचो, बघा, कशी शांतता आहे."

तिनं तोंडावर हात धरला आणि मोरीकडे धावली. ओकली. मी पाणी ओतलं. "आपण मारलं मेतवल्लीला," ती म्हणाली. "किळस येते मला. माझ्या हातांची."

"आधी दुरुस्त कर, पोरी," मी म्हणालो. "उद्या माझी बायको बसायचीय."

दिव्याची तक्रार त्यांनी मिटवली. यंत्र पुन्हा सुरू केलं. या वेळी राखणदार जागा होता. पंप फिरला, फिरला... थांबला. आणि स्क्रीन वरपासून खालपर्यंत अक्षरांनी भरली.

वगदीनं हळू आवाजात वाचलं. "एक कामकरी मेला. पंप त्याच्या हातात आहे. सोडलेला नाही."

"कुठला कामकरी?"

"नळीचा दाब बघणारा. नळी कुणी दाबून धरली की तो जन्मतो, पंप अडवतो, तक्रार नोंदवतो, आणि... अडवलेलं न सोडताच मरतो. ही आपली चूक, शाहिनाझ. एका ओळीची. म्हणजे मेतवल्ली नळी धरून बसायचा, आणि..."

"कळलं मला."

वगदीचा आवाज आणखी खाली गेला. "पण इथे... नळी कुणी दाबली? कुणी दाबल्याशिवाय तो जन्मतच नाही."

आम्ही तिघांनी नळीकडे पाहिलं. ती यंत्राच्या बाजूला लोंबत होती. मधोमध चेपलेली होती. एका बाजूला चार खळगे, दुसऱ्या बाजूला एक, रुंद. त्या जागी कर्कदे काळं पडून थिजलं होतं. वजडीचा वास इतका दाटला होता की जिभेवर चव येत होती.

मी फडकं घेऊन पुढे झालो. सवयच ती. नळी पुसायला धरली... ऊबदार होती. वरून तुपकट, बुळबुळीत, आणि फडक्याखाली काहीतरी मऊ होतं जे नळी नव्हती. दाबलं तर दबलं, आणि परत वर आलं. माझ्या बोटांमध्ये बोटं असल्यासारखं. मी हात ओढला. फडकं खाली पडलं नाही. क्षणभर तिथेच राहिलं, मग गळालं.

"अम्म, मागे या," शाहिनाझ कुजबुजली. वगदी आपल्या क्रूसावर अंगठा घासत होता.

ती बसली आणि लिहायला लागली.

"काय करतेस?" वगदी.

"धरून मेला, तर त्याची मूठ उघडायची."

"जबरदस्तीनं?"

"त्याला विचारता येतं का?"

यंत्र पुन्हा सुरू झालं. पंप एकदा अडखळला, आतून चिखलात पाय रुतल्यासारखा आवाज आला, आणि मग फिरू लागला. फिरतच राहिला. मी नळीवरून नजर काढली नव्हती. खळगे भरून आले. एकदम नाही. आधी करंगळीचा. मग तिच्या शेजारचा. अंगठ्याचा सगळ्यात शेवटी. कर्कदे पुन्हा पाण्यासारखं वाहायला लागलं. वास दारापर्यंत गेला, जिन्यात गेला, खाली उतरला. राखणदार जागा होता आणि गप्प होता.

"ज्याची मूठ उघडली तो कोण होता ते आपण बघितलंच नाही," वगदी म्हणाला.

"मला गाभा नीट करता येतो. तो केला." शाहिनाझ माझ्याकडे पाहून म्हणाली, "अम्म, उद्या बसवा त्यांना. यंत्र थांबणार नाही. एवढं मी शपथेवर सांगते."

"राखणदार असेलच ना तिथेही?"

वगदी म्हणाला, "राखणदार दवाखान्यात जात नाही, अम्म. तो सगळं संथ करतो. तो इथेच असतो, आमच्यापाशी. तिथे नुसता गाभा जातो."

दवाखान्याचा माणूस आला आणि घेऊन गेला. न देऊन काय केलं असतं? सनिय्याचे ओठ निळे पडत होते.

शनिवारी तिला बसवलं. दुसरं यंत्र, नवी नळी, माझ्यासमोर पाकीट फोडून लावलेली. मी पूर्ण वेळ पंपाकडे बघत बसलो. एकदाही अडला नाही. शेजारची खुर्ची रिकामी होती. हळूहळू सनिय्याच्या ओठांना रंग आला, तिनं कुरकुर सुरू केली, "अबू फिक्री, असा काय बघतोस, मी काय मेलेय?" अबू फिक्री म्हणजे फिक्रीचा बाप, ती ऊम फिक्री, त्याची आई. मला रडू आलं.

शेवटी वजन करतात. अंगातलं पाणी किती गेलं ते कळायला हवं. काट्याचं जुनं लोखंडी यंत्र. सनिय्या चढली. अतिय्यातनं काटा पाहिला, तोंड वाकडं केलं, पुन्हा पाहिला. "वाढलं कसं?" ती स्वतःशीच म्हणाली. "उतर, ऊम फिक्री. नीट करते."

सनिय्या उतरली. माझा हात धरून बाजूला उभी राहिली.

काटा तिथेच होता.

मग तो हलला. एखादा धिप्पाड माणूस कठड्याला धरून एकेक पाय खाली टाकतो तसा, आधी अर्ध्यावर आला, दम खाल्ल्यासारखा थांबला, आणि मग शून्यावर गेला. लोखंडी पत्र्यावर तुपकट ओल होती. अतिय्यातनं ती ब्लीचनं पुसली. पुन्हा पुसली. फडकं धुतलं नाही, सरळ टाकून दिलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काटा जुना झालाय."

सनिय्या बरी आहे. श्वास लागत नाही, पाय उतरलेत, जेवते चांगली. यंत्र त्यानंतर एकदाही थांबलेलं नाही. शाहिनाझनं शपथ पाळली, मी तिला रोज दुवा देतो.

ऐकलंत? आत खाट करकरली. तिनं कूस बदलली. खाटेवर ती एकटीच आहे.

जरा थांबा... बोलू नका...

हं. आता दुसऱ्यांदा.