डोळे मिटलेला बी.कॉम.

माझ्या कॅमेऱ्यासमोर आजवर एकाही माणसानं डोळे मिटलेले नाहीत, असं मी त्याला ठणकावून सांगितलं. तान्ही बाळं, आजारी म्हातारे, पेंगुळलेले नवरदेव — सगळे माझ्याकडे टक्क उघड्या डोळ्यांचे निघतात. मग मी बटण दाबलं आणि तो शिंकला.

"गाऊनला डांबरगोळ्यांचा वास येतो," तो नाक पुसत म्हणाला.

"पदवीचा वास असाच असतो. हलू नका."

नाशिकला रविवार कारंजाजवळ आमचा 'देवराम फोटो स्टुडिओ'. देवराम म्हणजे माझे बाबा. त्यांचा हात थरथरायला लागला आणि फोटोत गिऱ्हाइकांना दोन दोन नाकं यायला लागली, तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातून उठले आणि कॅमेऱ्यामागे उभी राहिले. सत्त्याहत्तर साल होतं. गल्लीतल्या बायका "कुमुदनं शिक्षण अर्धवट टाकलं हो" म्हणून हळहळायच्या आणि फोटो काढायला माझ्याकडेच यायच्या.

तो गाऊन आईनं छत्रीच्या कापडाचा शिवलेला. हातात धरायची गुंडाळी म्हणजे गेल्या वर्षीचं कॅलेंडर. पदवी पोस्टानं यायची, मग लोक फोटोला आमच्याकडे यायचे. ज्यांना ती आलेली नसायची, तेही यायचे. स्थळं बघायला लागायच्या आधी आईबाप पोराला धरून आणायचे आणि गाऊनात उभं करायचे. मी काही विचारायचे नाही. जिल्ह्यातले निम्मे पदवीधर त्या एका छत्रीखाली झालेत.

हा मात्र खराखुरा बी.कॉम. होता. नाव वाल्मीक, गाव विंचूर. वडील कारभारी, कांद्याचे शेतकरी. त्यांनी ठरवून टाकलेलं — पोरानं बँकेत खुर्चीवर बसायचं आणि एका बँक मॅनेजरची मुलगी करायची. मॅनेजरांना आधी मुलाचा फोटो हवा होता. गाऊनातला.

निगेटिव्ह धुतली. डोळे मिटलेले, तोंड उघडं.

"पुन्हा या," मी म्हणाले.

तो आला. गाऊन मी गच्चीवर ऊन दाखवून आणलेला, वास नव्हता. तरी डोळे मिटलेले. मग परत आला. ह्या वेळी चेहऱ्यावर अशी शांती, की खाली उदबत्ती लावावी.

"तुम्ही मुद्दाम करताय," मी म्हणाले.

"छे. तुमच्याकडे बघितलं की मिटतात… आपोआप."

"मग भिंतीकडे बघा."

"भिंतीकडे बघायला मी विंचूरहून यष्टीनं येत नाही."

मी घाईघाईनं कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं खुपसलं. आतून माणूस उलटा दिसतो. उलटा लटकलेला वाल्मीक हसत होता. माझे कान तापलेले त्याला दिसले नाहीत, एवढं बरं.

"खरं सांगू?" तो कापडाशी बोलला. "फोटो चांगला आला की संपलं. लग्न, बँक, खुर्ची. मला द्राक्षं लावायचीत. आमचे नाना म्हणतात, मातीतच हात घालायचा होता तर कॉलेज कशाला केलं."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"मी… डोळे मिटतो."

मी कापडातून बाहेर आले. केस विस्कटलेले असणार, असू देत.

"म्हणजे बंड तुमचं आणि नाव माझं खराब? अख्खा रविवार कारंजा म्हणतोय, कुमुदला एक बी.कॉम. काढता येत नाही. मी वर्गातून उठले ना, ते प्रिन्सिपॉलसमोर सांगून उठले. नाही म्हणायचंय तर डोळे उघडे ठेवून म्हणा."

त्यानं गाऊन काढून खुंटीला लावला. पिशवीत ओल्या गोणपाटात द्राक्षाच्या काड्या होत्या, गावी लावायला नेत होता. कॅलेंडर ठेवून त्यानं त्या हातात धरल्या.

"असा काढा."

मी काढला. डोळे सताड उघडे. आणि ते कॅमेऱ्याकडे नव्हते, थोडे वर… माझ्याकडे होते. मी तो फोटो शोकेसमध्ये लावला, दर्शनी.

पुढच्या आठवड्यात कारभारी स्वतः फोटो न्यायला आले. मागून वाल्मीक. शोकेसपाशीच म्हातारा थबकला.

"गाऊन कुठंय? आन हातात सरपण कशाला धरलंय?"

"द्राक्षाच्या काड्या आहेत, नाना," वाल्मीक म्हणाला. डोळे उघडे होते. "मी बँकेत जाणार नाही. त्या मुलीशी लग्नही करणार नाही. मला हिच्याशी… म्हणजे हिला अजून विचारलं नाही."

"मग विचारा की," मी म्हणाले.

"करशील?"

"स्टुडिओ सोडणार नाही."

"नको सोडू."

"मग करते."

कारभारी गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले. "पोरी, शिकलीस किती?"

"बी.ए.चं दुसरं वर्ष. नापास नाही झाले. उठून आले."

"माझा पोरगा बी.कॉम. हाय. गाव काय म्हनंल?"

"गाऊन आमचाच आहे, काका. आत्ता घालते, संध्याकाळपर्यंत बी.ए. होते. तुमचंही करून टाकू का काहीतरी?"

आतल्या खोलीत बाबांना ठसका लागला. वाल्मीकनं जमिनीकडे बघितलं. म्हाताऱ्यानं खुंटीवरचा गाऊन चाचपला. मग त्यानं टोपी सरळ केली.

"यम्मे व्हतंय का त्यात?"

झालं. कारभारींचा एम.ए.चा फोटो आजही विंचूरला ओसरीवर आहे.

उन्हाळ्यात त्यांच्या मळ्यातच लग्न लागलं. काड्या तोवर रुजल्या होत्या, पोपटी पानं लवलवत होती. अंतरपाट धरायच्या आधी वाल्मीकनं मला नेऊन एकेक ओळ दाखवली. पाहुण्यांच्या बैलगाड्या बांधाला सोडल्या होत्या. दुसरी पंगत उठेपर्यंत बैलांनी सगळी बाग खाल्ली.