मोरीखालची हजेरी

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या. पण आमच्या घराण्याला खोटं म्हणू नका, ते आम्ही पुष्कळ ऐकून घेतलंय.

मागच्या महिन्यातला मंगळवार. सकाळचे साडेसात. दाट धुकं.

मी रेल्वेत कीमन आहे. बाई असले तरी हुद्दा तोच. रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात. रोज सहा किलोमीटर चालायचं आणि सैल झालेली चावी हातोड्याने ठोकायची. बाबा रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होते. आजोबा सांधेवाले, गाडीसाठी रूळ बदलून देणारे. आणि पणजोबा कीमन, याच सहा किलोमीटरवर.

एका सकाळी पणजोबा कामावर गेले, ते परत आलेच नाहीत. त्याच दिवशी पुढच्या वळणावर गाडी घसरली. चौकशीच्या कागदात एक ओळ आहे, 'कीमन काम सोडून पळाला.'

तेव्हापासून आम्ही पळपुट्याचे. आजोबांना लोक हे तोंडावर म्हणायचे, बाबांना पाठीमागे. तरी दोघांनी रेल्वे सोडली नाही. मी तर हाच टप्पा मागून घेतला.

आमच्या घरची एक सवय आहे. चावीवर दोन घाव, आणि तिसरा हलकासा रुळावर, कान देऊन. आवाज खणखणीत आला की पुढे. बाकीचे दोन घावांवर भागवतात.

त्या सकाळी धुक्यात... माझ्यापुढे कुणीतरी ठोकत होतं.

ठण. ठण.

...टिंग.

या टप्प्यावर माझ्याशिवाय कुणी नसतं.

"कोण आहे?" मी विचारलं.

चाव्या तपासल्या, तर एकूण एक घट्ट.

घाबरले होते, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त राग आला होता. माझं काम मला न विचारता कोण करतंय?

मी मागोमाग चालत राहिले. वळण अजून दोन किलोमीटर लांब होतं. रुळांखालून पाणी जायला बांधलेली मोरी आली आणि तिथे... आवाज थांबला.

पाखरू नाही. वारा नाही. माझी स्वतःची पावलंही ऐकू येईनात.

मग तोच तिसरा घाव. रुळावर नाही...

मोरीच्या खालून.

मी उतरले. गाळात हात घातला. गंजलेला हातोडा लागला. त्यावर ठोकलेला नंबर अजून वाचता येत होता. सतरा. पणजोबांचा, चौकशीच्या कागदात आहे तोच.

त्याखाली हाडं होती.

ते वळणापर्यंत पोचलेच नव्हते.

हातोडा घेऊन मी आमच्या गँगच्या मुकादमकाकांकडे गेले. ते म्हणाले, "फाईल कधीच बंद झालीय, ताई. मेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो?"

"मला पडतो. ती ओळ बदला."

"ते माझ्या हातात नाही."

"हजेरीबुक तर आहे ना?"

मी ते ओढलं आणि माझ्या नावाच्या वर पणजोबांचं नाव लिहिलं. पुढे लिहिलं, हजर.

काकांनी लाल पेनने खोडलं. दुसऱ्या दिवशी लाल रेघ गायब. त्यांनी पुन्हा खोडलं. पुन्हा गायब. चौथ्या दिवशी त्यांनी लाल पेन बाजूला ठेवलं, आणि माझ्याशी बोलणंही.

परवा एक नवीनच दिसलं.

माझ्या नावापुढे येणाऱ्या दिवसांची हजेरी आधीच लागली होती. फिकट, जुनी शाई. आमच्याकडे पणजोबांच्या सहीचा एक कागद आहे, त्यावर तीच शाई आहे.

हजर. हजर. हजर... येत्या मंगळवारपर्यंत.

बुधवारपासून नुसती आडवी रेघ.

बाबा म्हणाले, "मंगळवारी सुट्टी टाक. माझं ऐक, पोरी."

"आणि लोक काय म्हणतील, बाबा?"

त्यांनी माझा हातोडा घेतला, दांडा सैल नाही ना ते पाहिलं, आणि परत माझ्या हातात दिला.

आज सोमवार. भीती वाटते. पण उद्या साडेसातला मी टप्प्यावर असेन.

आमच्या घरातून आजवर कुणीही पळालेलं नाही.