सहा आकडे, उलटे

मेंदूचे फोटो काढणाऱ्या यंत्राच्या दारात त्याने तिला हात आडवा करून थांबवलं.

"केसांत काय आहे?"

"केसांत काही नाही. डोक्यात बरंच आहे."

"डोक्यातलं चालतं. पिन काढा."

तिने पिन काढली, अंबाडा सुटला. त्या यंत्राच्या चुंबकाने आजवर दोन खुर्च्या, एक बादली आणि एका डॉक्टरांचा पट्टा पँटसकट ओढून घेतला होता. यंत्र चालवणारा माणूस ओढला गेल्याची ही पहिलीच वेळ, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे, मी म्हणतो.

ती मुलांच्या कार्यस्मृतीचा अभ्यास करायची. कार्यस्मृती म्हणजे हातातलं काम संपेपर्यंत गोष्ट डोक्यात धरून ठेवायची ताकद. ती आकडे वाचणार, मुलांनी ते उलट म्हणायचे. तीच मुलं, दरवर्षी, सलग सहा वर्षं. मुलं तिला आकडेताई म्हणत, त्याला चुंबकदादा.

"आठव्या वर्षी तीन आकडे, चौदाव्या वर्षी पाच," एकदा तो पडद्याकडे बघत म्हणाला. "मधल्या काळात यांच्या डोक्यात होतं तरी काय?"

"लहानपणी शेजारशेजारच्या भागांचंच गुळपीठ असतं. वाढत्या वयात कपाळामागचा भाग आणि पार डोक्याच्या मागच्या अंगाचा भाग, असे लांबचे सोयरे एकत्र काम करायला लागतात."

"सोयरीक जमायला सहा वर्षं?"

"काहींना जास्त लागतात," ती म्हणाली, आणि उगाच कागद सारखे करत बसली.

तुलनेसाठी वीस मोठी माणसं हवी होती. विसावा माणूस ऐन वेळी तापाने आडवा झाला. एकोणीसवर अहवाल स्वीकारला जाणार नव्हता, म्हणजे सहा वर्षं पाण्यात. तिने यंत्रवाल्यालाच चाचणीला बसवलं.

"चार, नऊ, एक, सात," तिने वाचलं.

"सात... एक..." तो तिच्याकडे बघत राहिला. "पुढचं गेलं."

तीन आकड्यांच्या पुढे गडी जाईना. दुसऱ्या दिवशी तेच. बत्तीस वर्षांचा माणूस, यंत्राचे शंभर कोड तोंडपाठ, आणि गुण आठ वर्षांच्या मुलाचे. तिला आधी धास्ती वाटली, मग शंका आली. तिने विभागाच्या मोठ्या बाईंना वाचायला बसवलं आणि स्वतः बाहेर थांबली. त्याने सहा आकडे धडाधड उलटे म्हटले.

ती आत आली. "माझ्या वेळी काय होतं तुम्हाला?"

"डोक्यात एका वेळी मावतं किती, हे तुम्हीच सांगता ना? तुम्ही समोर बसलात की निम्मी जागा आधीच भरते."

"कशाने?"

"आज कानात निळे खडे आहेत. आवाज कालपेक्षा बसलाय. अंगठ्याला शाई लागलीय... आता यात नऊ कुठे ठेवू?"

मोठ्या बाईंनी घसा खाकरला. "तुमचं चालू द्या. पण आधी ठरवा, कुठले गुण धरायचे? वाचणाऱ्याचं आणि उत्तर देणाऱ्याचं काही नातं असेल, तर तुझी चाचणी रद्द आणि माझी ग्राह्य. नसेल, तर दोन्ही धरावे लागतील, ते एकमेकांशी जुळत नाहीत, आणि मग हा माणूस गटातून बाद. फॉर्ममध्ये रकाना आहे. खरं तेच लिही."

तिने पेन उचललं. अहवाल वाचवायला नातं लिहावं, तर ते खरं हवं. आणि खरं लिहावं, तर तो वाचणार... समोरच उभा होता.

नातं आहे का? तिने लिहिलं: आहे.

कधीपासून? तिने तारीख टाकली. बारीक अक्षरात, पण न थांबता.

त्याने मान वाकडी करून वाचलं. "ही तर मला चाचणीला बसवण्याच्या चार महिने आधीची आहे."

"हो."

"तुम्हाला तेव्हापासून... मग मला बसवलंत कशाला?"

"विसावा माणूस हवा होता," ती सरळ आवाजात म्हणाली. मग पेनाचं टोपण लावत, "शिवाय दार लावून अर्धा तास तुमच्याकडे बघत बसायचं दुसरं कुठलं कारण नियमात बसत नव्हतं."

मोठ्या बाईंनी फॉर्म ओढून घेतला, सही केली आणि जाताना दार आपल्यामागे लावून घेतलं.